पांजरपोळाच्या दारातलं कुंकू

जालन्याच्या पांजरपोळात मी कामाला होतो तेव्हा फाटकाशेजारच्या कोनाड्यात एक पितळी वाटी असायची. वाटीत ओलं कुंकू. ते भिजवायचं, वाळलं की पाण्याचा शिंतोडा द्यायचा आणि दारात आलेल्या जनावराच्या कपाळाला लावायचं, हे काम माझ्याकडे होतं. बाकीही कामं पुष्कळ होती. चारा उतरवून घेणं, हौद भरून घेणं, लंगड्या गाईच्या खुराला औषध लावणं. पण माणसं मला ओळखायची ती त्या वाटीवरून.

रीत अशी होती. जनावर दारात आलं की कपाळाला कुंकू लावायचं आणि तोंडात गुळाचा खडा द्यायचा. तेवढ्यानं ते 'सोडलेलं' झालं. देवाच्या नावानं सोडलं, आता ते कुणाचं नाही. त्याला जुंपायचं नाही, विकायचं नाही, आणि कुणी मागितलं तर द्यायचंही नाही.

हे शेवटचं कलम कुठून आलं, ते पांजरपोळ चालवणाऱ्या शेटजींनीच मला सांगितलं होतं. त्यांच्या वडिलांच्या वेळी लोक म्हातारा बैल उन्हाळ्यात आणून सोडत. चाऱ्याची टंचाई इथे भागवत आणि पेरणी आली की "दोन दिवस द्या" म्हणून घेऊन जात. पेरणी झाली की बैल पुन्हा दारात. बैलाच्या विसाव्यासाठी जागा काढलेली, आणि विसावा घेत होता मालक. म्हणून थोरल्या शेटजींनी ठरवलं, की एकदा कुंकू लागलं की परत देणं नाही, मग मागणारा खुद्द मालक असो नाहीतर जहागीरदार. नियम शहाणपणाचा होता. बैलांसाठी.

कुत्र्यांसाठी हा नियम कुणी केला, असं मी बऱ्याच जणांना विचारलं. कुणी केलाच नव्हता. कुत्री यायला लागली, वाटी कोनाड्यात होतीच, लावलं कुंकू. एवढंच.

माझंही त्या जागेत येणं थोडंफार असंच. माझं गाव लांब, निलंग्याच्याही पलीकडे, जिथे अर्धी माणसं कानडी बोलतात. शाळा चौथीत सुटली. निजामाच्या राज्यात पुढची सगळी शाळा उर्दूत, आणि मला अलिफ-बे गिरवतानाच घाम फुटायचा. पंतोजींनी वडिलांना सांगितलं, पोराला कामाला लावा. पुढे काही वर्षं शेतात काढली आणि कापसाच्या जिनिंगमध्ये काम मिळतं असं ऐकून जालन्याला आलो. काम मिळायच्या आधी हिवताप मिळाला. पांजरपोळाच्या कडबीच्या गंजीला टेकून पडलो होतो, तिथून मला कुणी हाकललं नाही. मुनीमजी म्हणाले, हा कोण पडलाय? शेटजी म्हणाले, "एवढी जनावरं ठेवतो, हे एक माणूस. राहू दे." बरा झाल्यावरही मी राहिलोच. मला कुंकू तेवढं लावलं नाही.

या गोष्टीचं ओझं माझ्यावर कायम असायचं. उपकाराखालचा माणूस फाटकाची कडी तीनदा बघतो. मीही बघायचो. शेटजी नुसते खाकरले तरी माझं काही चुकलं असणार असं वाटायचं. मला चार अक्षरं येतात म्हणून सगळे मला 'मास्तर' म्हणत. चौथीत शाळा सोडलेल्याला मास्तर म्हणणं ही चेष्टाच, पण ती करताना कुणाच्याही तोंडावर हसू नसायचं, त्यामुळे रागावताही यायचं नाही.

जालना तेव्हा बदल्यांचं गाव होतं. रेल्वेचे बाबू, जिनिंगचे मॅनेजर, कचेरीतले साहेब आज इथे तर उद्या वरंगळला. माणसं हौसेनं कुत्रं पाळत आणि बदलीचा कागद आला की आमचं फाटक वाजवत. प्रत्येकाचं वाक्य ठरलेलं, "आठ दिवस ठेवा, घर लागलं की नेतो." नेलेलं मी एकही पाहिलं नाही. कुत्र्यांची जागा मागच्या भिंतीला होती. तिलाही आम्ही गोठाच म्हणत असू, दुसरा शब्द सुचला नाही. मऊ गादीवर झोपलेली, लाडानं वाढलेली कुत्री त्या गोठ्यात भिंतीकडे तोंड करून पडायची आणि फाटक वाजलं की सगळी एकदम उठायची. आपलंच माणूस आलं असं प्रत्येकाला वाटायचं. दिवसातून वीस वेळा फाटक वाजे.

तांबडी आली ती अंबडच्या कचेरीतल्या एका साहेबांची. साहेबांची बदली हैदराबादला झाली होती. सामान स्टेशनवर पुढे गेलं होतं आणि टांगा आमच्या दारात थांबला. बाईसाहेब टांग्यातच बसून राहिल्या, दुसरीकडे बघत. साहेब स्वतः उतरले. कुत्री मोठी, तांबूस, छातीवर पांढरा पट्टा, कान खाली पडलेले. साहेब म्हणाले, "आठ-पंधरा दिवसांचाच प्रश्न आहे. माणूस पाठवतो." तिच्यासोबत एक पांढरी चिनी मातीचा मुलामा दिलेली ताटलीही दिली. "जमिनीवरचं खात नाही ती."

मी हो हो म्हणत होतो आणि माझा हात आपोआप वाटीकडे गेला. कपाळाला बोट टेकवलं, गूळ दिला. तिनं गुळासकट माझं बोट चाटलं. साहेबांना वाटलं ही इथली पाहुणचाराची पद्धत असेल. त्यांनी मला हात जोडले आणि टांगा गेला.

शेटजी ओट्यावर बसून बघत होते.

"लावलंस?"

"लावलं."

"ते पंधरा दिवसांसाठी म्हणाले ना?"

"हो."

"मग ती ठेव झाली. ठेवीला कुंकू कशाला लावलंस?"

"हात गेला."

शेटजींनी डोळे मिटले. "आता ती सोडलेली. आता साहेब आले तरी देता येणार नाही. आले की तूच सांग त्यांना, मास्तर. मी त्या दिवशी मंदिरात असेन."

पुढचे दोन महिने टांग्याचा आवाज आला की मी हौदाकडे निघून जायचो. टांगा काही आला नाही, पत्र आलं. पत्र उर्दूत. ते लावायला मला अख्खी दुपार लागली. मजकूर असा होता की हैदराबादचं घर वरच्या मजल्यावर आहे, कुत्री ठेवण्याची सोय नाही, तरी तिला एखाद्या भल्या माणसाच्या हवाली करावं. मी पत्र घेऊन धावत शेटजींकडे गेलो. मालक स्वतःच द्या म्हणतोय, आणखी काय पाहिजे.

"कोण मालक?" शेटजी म्हणाले. "कुंकू लागल्यावर मालक कुठला राहिला?"

भला माणूस तर दारातच बसलेला होता. माणूस म्हणजे बाई. अंबडच्या वाटेवर दुधना नदीकाठी तिचं रान होतं. बाजाराच्या दिवशी दिराच्या गाडीतून माल घेऊन यायची आणि दुपारी आमच्या लिंबाच्या सावलीत बसून भाकर खायची. पन्नाशीची असेल. पहिल्या दिवशी तिनं तांबडीकडे भाकरीचा तुकडा टाकला तर तांबडीनं तो नुसता हुंगला.

"बया," बाई म्हणाली, "साहेबीण हाय की. ताटात वाढा म्हणून राह्यली."

मी ताटली आणून दिली. तुकडा ताटलीत पडल्यावर तांबडीनं तो संपवला. बाईला याचं एवढं कौतुक वाटलं की पुढच्या बाजारापासून ती एक भाकर जास्तीची आणू लागली. मग एक दिवस सरळच म्हणाली,

"मास्तर, ही मला द्या. आमचं कुत्रं मागच्या साली मेलं. भुईमुगात डुकरं शिरून राह्यलीत. माझ्या मालकाला दिवस कलला की दिसत न्हाई, त्यांनी काय राखण करावी? मी एकलीनं किती बोंबलू?"

मी तिला शेटजींकडे नेलं. शेटजींनी तिला बसायला सांगितलं, पाणी दिलं, डुकरांची विचारपूस केली आणि नियम सांगितला. बाईनं सगळं नीट ऐकून घेतलं.

"म्हंजे ती कुनाचीच न्हाई."

"नाही."

"आन् कुनाची व्हनारबी न्हाई."

"नाही."

"मंग इथं करती काय?"

"राहते."

"नुस्तं राह्यल्यानं काय व्हतंय, शेटजी? कुत्र्याला काम लागतंय. मानसाला एक डाव बिगरकामाचं बसवतं, कुत्र्याला न्हाई बसवत."

शेटजींनी माझ्याकडे पाहिलं, जणू हे मीच तिला पढवलं होतं. परतताना मी तिला म्हणालो, मावशी, असं तोडून बोलू नये. ती म्हणाली, "म्या कुठं तोडलं? इचारलं."

दर बाजाराला ती पुन्हा मागायची, मी पुन्हा नाही म्हणायचो. तांबडी दोघांच्या मध्ये बसून ताटली चाटायची. मला या सगळ्याचा कंटाळा आला होता. देणारा खुशीनं देतोय, घेणारी खुशीनं घेतेय, कुत्री गाडीकडे बघून शेपूट हलवतेय, आणि मध्ये माझं एक बोट.

उन्हाळ्यात बाजारात कुत्रं पिसाळलं. दोन माणसांना चावलं. आमच्याकडचं नव्हतं ते, पण गावात कुत्र्यांची एवढी दाटी दुसरीकडे कुठे होती? बलदियेचा म्हणजे तिथल्या नगरपालिकेचा हुकूम निघाला की ज्या कुत्र्याला पट्टा नाही आणि ज्याच्याबद्दल जबाब द्यायला माणूस नाही, ते पंधरा दिवसांत संपवायचं. हुकूम घेऊन सफाईचे दरोगा स्वतः आले. बारीक अंगाचा, सदा छत्री घेतलेला माणूस. तेही वैतागलेलेच होते.

"शेटजी, हर कुत्ते पे एक आदमी का नाम होना. कल को काट्या तो पकडूं किसको?"

"यांचा मालक भगवान आहे," शेटजी म्हणाले.

"वो तो सबका हय. पन उनकी दस्तखत किधर लेऊं?"

शेटजींना हसू आलं. मला आशा वाटली. मी मध्येच बोललो, जे मी कधी करत नसे. "शेटजी, तुमचं नाव लावलं तर?"

"मी मालक झालो तर ते सोडलेलं कसं राहील, मास्तर?"

"मग कुणाला तरी देऊ या. मागणारी माणसं आहेत."

"दिलं तर सोडलेलं कसं राहील?"

"दरोगासाहेब मारणार आहेत."

"आपण तर मारत नाही ना."

दरोगांनी छत्री या हातातून त्या हातात घेतली. "हौ. हम मारते. पाप पूरा हमारे सर पे डालो. मय क्या शौक से करतूं? घर में बेगम बात नईं करती उस दिन." मग म्हणाले, काठीनं मारण्यापेक्षा गुळात कुचला घालून दिलेला बरा, कुचल्याचं विष लवकर काम करतं. पंधरा दिवस मुदत. आणि पांजरपोळाच्या आवारात हे करणार नाही, एवढा मान ठेवतो.

त्यांना पोचवायला मी फाटकापर्यंत गेलो. कडी लावताना ते हळूच म्हणाले, "कोई चुरा के ले गया तो मय गिनने नईं बैठूंगा, मास्टरसाब."

संध्याकाळी शेटजी ओट्यावर पान लावत होते. माझ्याकडे न बघता म्हणाले, "देणं वेगळं आणि चोरी वेगळी. चोराला काही आपण दिलं असं होत नाही."

मी "हो" म्हणालो आणि आत जाऊन चारा झाडत बसलो. ते मला करायला सांगत होते की नुसता विचार बोलून दाखवत होते, हे कळायला मार्ग नव्हता. विचारावं तर विचारणं हेच चुकायचं. आणि उद्या चोरीचा बोभाटा झाला तर ज्याच्या हातात कडी, तोच दाराबाहेर जाणार. मला परत जायला निलंग्यापलीकडचं एक गाव होतं, तिथे माझ्या वाटणीला काही राहिलेलं नव्हतं.

तरीही पुढच्या बाजारी मी बाईला गाठलं. म्हणालो, "मावशी, जिनिंगचा दुपारचा भोंगा झाला की शेटजी झोपतात. मी हौदाकडे असेन. फाटक उघडं राहील. तुम्ही तांबडीला घेऊन जा."

तिनं हातातली भाकर खाली ठेवली.

"चोरू म्हनता?"

"चोरी म्हणजे तशी नाही. नावाला."

"नावाला चोर व्हऊ?" तिनं भाकरीचं फडकं बांधायला घेतलं. "मास्तर, माझ्या घरात दुसऱ्याच्या बांधावरचा पाला आल्ता का कधी, इचारा गावात. आन् चोरीचं कुत्रं राखनीला बसत न्हाई. ते घरधन्यावर भुकतं आन् चोराला वाट दावतं. तुमाला ठावं न्हाई का?"

"नाही."

"किती शिकलात?"

"चौथी."

"तरीच."

मी तिला सगळं समजावून सांगितलं. हुकूम, मुदत, कुचला. तिचा चेहरा उतरला, डोळ्यांना पदर लावला, पण चोरी करायला ती बिलकुल तयार होईना. "शेटजीला म्हनावं, एक शबुद बोला. निस्तं 'ने' म्हना. म्या आत्ता नेते."

मला दोन्ही हातांनी डोकं बडवावंसं वाटलं. एकाला देता येत नाही, दुसरीला चोरता येत नाही, तिसरा मोजत नाही पण मारणार आहे. सगळीच माणसं सज्जन. एखादा जरी बदमाश असता तर त्या कुत्र्यांचं काहीतरी भलं झालं असतं.

मग वाटलं, कुत्र्यांनी आपणच जावं. न देता, न चोरता. तीन दुपारी मी गोठ्याचं दार आणि फाटक दोन्ही सताड उघडी ठेवली. कुत्री उठली, उघड्या फाटकाकडे पाहिलं आणि माझ्याभोवती येऊन बसली. दार उघडलं म्हणजे भाकर आली, असं त्यांना माहीत. एक पांढरं रस्त्यापर्यंत गेलं, दोन्हीकडे बघितलं आणि परत आलं. मी हुसकलं तर त्याला तो खेळ वाटला.

मुदत संपायच्या आधीचा शेवटचा बाजार आला. भोंगा झाला. शेटजी आत गेले. बाई लिंबाखाली होती, गाडी जुंपलेली होती, आणि तिनं त्या दिवशी कुत्री मागितलीही नाही. नुसती भाकर ताटलीत ठेवली आणि तांबडीच्या डोक्यावर हात ठेवून बसली. तो हात बघून माझ्या तोंडून निघून गेलं,

"शेटजी हो म्हणाले."

"काय?"

"न्या म्हणाले. तांबडीला."

ती उठून उभी राहिली. "खरं? मंग त्यांच्या तोंडून ऐकते."

"झोपलेत."

"उठस्तोवर बसते."

गाडीवरून दीर ओरडला, "वहिनी, ऊन काय कमी व्हऊन राह्यलंय का? चला जल्दी."

माझं डोकं त्या घटकेला कसं चाललं, देव जाणे. मी म्हणालो, "मावशी, तशी रीत नाही. सोडलेलं जनावर देताना देणाऱ्यानं डोळ्यांनी बघू नये. म्हणून तर ते आत गेलेत." अशी रीत कुठेच नव्हती, मी उभ्याउभ्या केली. पण तिला ती पटली. रीत म्हटल्यावर तिनं पुढे काही विचारलंच नाही. शेटजींच्या बंद खोलीकडे तोंड करून तिनं तिथूनच हात जोडले.

"ताटली?" ती म्हणाली.

ताटली दिली.

"आन् कुंकू लावा तिला. घरी न्यायची लेक हाय, मोकळ्या कपाळानं कशी न्यावी?"

मी कोनाड्यातली वाटी घेतली. घाईत कुंकू एवढं लागलं की तांबडीच्या नाकापर्यंत ओघळलं. गूळही दिला. गाडीत ती स्वतःच चढली आणि पुढे दिराच्या शेजारी बसली, टांग्यात बसायची सवय असल्यासारखी.

शेटजी उठले तेव्हा मी पाण्याचा तांब्या घेऊन उभा होतो. "तांबडी चोरीला गेली," मी म्हणालो.

शेटजी पाणी प्याले. "अरेरे."

"हो."

"आणि तिची ताटली?"

"तीही."

"मग चोर समजूतदार होता," ते म्हणाले आणि मंदिरात गेले.

मला हायसं वाटलं. इतकं हायसं, की मी त्या दिवशी दोनदा जेवलो. मुदतीला अजून चार दिवस होते. त्या चार दिवसांत मी काय केलं? हौद धुतला. खुरांना औषध लावलं. कडी तीनदा बघितली. माझं धाडस तेवढंच होतं आणि ते खर्चून झालं, असं मी धरून चाललो. गावात आणखी माणसं होती, वाटूरकडचे मेंढरंवाले स्टेशनाजवळ उतरले होते, त्यांनी एखादं कुत्रं आनंदानं नेलं असतं. हे मला तेव्हाही माहीत होतं.

पाचव्या दिवशी सकाळी दरोगा आले, सोबत दोन माणसं आणि झाकलेली टोपली. शेटजी पहाटेच मंदिरात गेले होते. आवारात मारायचं नाही असं ठरलेलं, म्हणून कुत्री जिनिंगमागच्या माळावर न्यायची होती. ती दोन माणसं दोर घेऊन गोठ्यात शिरली तर कुत्री कोपऱ्यात दाटून दात दाखवू लागली. दरोगांनी माझ्याकडे पाहिलं.

मी हाक मारली आणि बाहेर निघालो. सगळी माझ्यामागे आली. ज्यांना मोकळं व्हायला फाटक ओलांडता आलं नव्हतं, ती माझ्या एका हाकेवर फाटक ओलांडून माळावर आली. गुळाचा वास आल्यावर बसलीसुद्धा, कारण गूळ माझ्याच हातून खायची त्यांना सवय होती. मी तेवढं मात्र केलं नाही. कुचल्याचे लाडू दरोगांच्या माणसांनी दिले. मी पाठ करून उभा राहिलो आणि दरोगांची छत्री धरली. एवढाच फरक, आणि तो काय कामाचा? दवा लवकर काम करते असं दरोगा म्हणाले होते. ते खरं नव्हतं.

परत आल्यावर शेटजींनी मला आंघोळ करायला सांगितली. गोठा धुऊन घेतला. महिन्याभरात तिथे कडबा भरला.

बाई त्यानंतर बाजाराला आली की लिंबाखाली न बसता पुढेच जायची, कारण मी तिला सांगितलं होतं, देणाऱ्यासमोर येऊन आभार मानायची रीत नाही. एक रीत केली की दुसरी करावी लागते. पण भुईमूग निघाल्यावर तिला राहवलं नाही. कार्तिकातल्या एका दुपारी गाडी दारात थांबली. शेटजी ओट्यावर होते, चांगले जागे. बाई डोक्यावर शेंगांची पाटी घेऊन उतरली आणि मागून तांबडी.

"शेटजी," बाईनं पाटी त्यांच्यापुढे ठेवली, "तुमी हिला दिल्ती, हिनं सारं रान राखलं. एक डुक्कर फिरकलं न्हाई. समोर यायची रीत न्हाई म्हनून मास्तर बोलले, पर माझ्या जिवाला बरं वाटंना. मालक म्हनले, जा, पाय धरून ये."

आता मला हाकलणार, हे मी धरलं. बिऱ्हाड म्हणजे काय, एक पिशवी होती, ती बांधायला वेळ लागणार नव्हता.

शेटजींनी बाईकडे पाहिलं, मग माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. तेवढ्यात तांबडी फाटकातून आत धावली. सरळ मागच्या भिंतीकडे, गोठ्यात. कडब्याच्या पेंढ्या हुंगत ती या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात फिरली. जिथे ते पांढरं कुत्रं पडायचं तिथे थांबली, दोनदा भुंकली, वाट पाहिली. कुणी उठलं नाही. मग परत आली आणि कोनाड्याखाली, माझ्या पायाशी, तोंड वर करून बसली. दारात आलं की इथे गूळ मिळतो, हे ती विसरली नव्हती.

माझा हात उठला. खरंच सांगतो, सवयीनं उठला.

"मास्तर," शेटजी म्हणाले, "वाटी आत नेऊन ठेव."

मी वाटी आत ठेवून आलो तोवर बाई त्यांच्या पायावर डोकं ठेवून उठली होती. शेटजी तिला म्हणत होते, "दिलं ते दिलं. नीट सांभाळ." तिनं हाक मारली तशी तांबडी गाडीत चढली. गाडी वळणापलीकडे जाईपर्यंत शेटजी तिकडेच बघत होते. मीही उभाच होतो.

मग त्यांनी पाटी पुढे ओढली आणि शेंगा फोडायला सुरुवात केली.

"एकच का नेली त्यानं?" त्यांनी विचारलं.

"कुणी?"

"तुझ्या चोरानं."

माझ्याकडे उत्तर होतं. की चोराला आपल्या जागेची भीती होती. आणि हेही, की तुम्ही त्या दिवशी ओट्यावर पान लावताना असंच सरळ बोलला असतात तर. तेव्हा नाही बोललात, आता विचारताय. पण ज्यानं आजारात कडबीच्या गंजीशी पडू दिलं, त्याला हे कुठल्या तोंडानं म्हणायचं?

शेटजींनी उत्तराची वाट पाहिली नाही. फोडलेल्या शेंगांतल्या अर्ध्या त्यांनी माझ्यापुढे सारल्या. मी खाली बसलो आणि खाल्ल्या. ओल्या होत्या, गोड होत्या, आणि त्या गोड लागतात याचाही मला राग आला.